आवाज आणि आपण – ६ : ‘नॉर्मल’ रिपोर्टच्या आड

मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ दोन-तीन तास काढले की कानाला दडे बसतात, आत बारीक शिटी वाजत राहते आणि एक-दोन दिवसांत सगळं पूर्ववत होतं. निदान तसं वाटतं तरी. डॉक्टरही वर्षानुवर्षं हेच सांगत आले: ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पहिल्यासारखा आला ना, मग कान बरा झाला. या समजुतीला सुरुंग लावणारे बोस्टनचे चार्ल्स लिबरमन हे या आठवड्याचे आपले शास्त्रज्ञ.

‘मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर’ या रुग्णालयातल्या ईटन-पीबॉडी प्रयोगशाळेत लिबरमन यांची उभी कारकीर्द गेली. सुरुवात मांजरांपासून झाली. मांजराच्या श्रवणचेतेतल्या एकेका तंतूत केसाहूनही बारीक इलेक्ट्रोड घालून त्याचे विद्युतसंदेश टिपायचे, असं ते चिकाटीचं काम. आवाज नसतानाही हे तंतू आपणहून संदेश धाडत असतात; काही भराभर, काही अगदी क्वचित. हे क्वचित बोलणारे तंतू जागे व्हायला आवाजही मोठाच लागतो. मग शंका अशी की हे तंतू मुळातच असे, की रोजच्या गोंगाटाने बिघडलेले? लिबरमन यांनी गोंगाटापासून दूर, बंदिस्त खोलीत वाढवलेल्या मांजरांचे तंतू तपासले. आळशी तंतू त्यांच्यातही होतेच! १९७८ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातले हे तंतू वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचं काम आहे.

गेल्या लेखात आपण कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशी पाहिल्या. प्रत्येक कानात ध्वनीची वार्ता मेंदूकडे धाडणाऱ्या आतल्या ओळीतल्या केशपेशी जेमतेम साडेतीन हजार आणि त्यांना जोडलेले चेतातंतू सुमारे तीस हजार. पेशी आणि तंतू जिथे भेटतात त्या जोडाला सिनॅप्स म्हणतात. गोंगाटाने आधी केशपेशी मरतात आणि चेतातंतू मागाहून, असं पाठ्यपुस्तकं सांगत. त्यामुळे संशोधक मोजत ते केशपेशीच.

लिबरमन आणि त्यांच्या सहकारी शॅरन कुजावा यांनी जोडच मोजायचं ठरवलं. उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा गोंगाट ऐकवला. दुसऱ्या दिवशी ऐकण्याची पातळी सुमारे ४० डेसिबलने घसरलेली, दोन आठवड्यांत ती पूर्ववत. केशपेशी एकूण एक शाबूत. जुन्या पद्धतीने प्रयोग इथेच संपला असता. पण या दोघांनी कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखाच्या, तुकड्यांना असं रंगवलं की सूक्ष्मदर्शकात केशपेशीतल्या सिनॅप्सचे ठिपके लाल दिसावेत आणि चेतातंतू हिरवे. उंच स्वर ऐकणाऱ्या भागात जवळजवळ निम्मे जोड गायब होते आणि तेही पहिल्या २४ तासांतच. तंतू ज्यांतून निघतात त्या चेतापेशी मात्र महिनोन्‌महिने, वर्षभरसुद्धा, सावकाश मरत राहिल्या. नुकसान इतकी वर्षं नजरेतून सुटलं ते यामुळेच. हा निबंध २००९ साली आला.

मग ऑडिओग्राम खोटं बोलतो का? तसं नव्हे. बारीकात बारीक सूर ऐकू येतो का, एवढाच प्रश्न तो विचारतो आणि त्याला उरलेले तंतू पुरतात. हॉटेलातल्या कलकलाटात समोरचा माणूस काय बोलतोय, हे त्याने विचारलेलंच नसतं. २०१३ साली याच प्रयोगशाळेने गोंगाटानंतर कुठले तंतू सर्वाधिक तुटतात ते शोधलं, तर निघाले तेच १९७८चे आळशी! आसपास गलका असताना बाकीचे तंतू त्यातच गुंतून पडतात, तेव्हा बोलणं वेगळं ओळखायला हेच कामी येतात असं मानलं जातं. ‘ऐकू येतं हो, पण कळत नाही’ ही घराघरातली तक्रार आजवर वयाच्या खात्यात टाकली जाई. तिचा उगम इथेही असू शकतो.

माणसाच्या बाबतीत चित्र इतकं स्वच्छ नाही. जिवंत माणसाच्या कानातले जोड मोजता येत नाहीत. मरणोत्तर तपासलेल्या कानांत केशपेशींपेक्षा चेतातंतूंचीच हानी कितीतरी जास्त आढळली हे खरं. पण २०१७ साली मँचेस्टरच्या संशोधकांनी तरुणांवर केलेल्या मोठ्या पाहणीत गोंगाटाचा असा ठसा सापडला नाही. उंदरांचे कान आपल्यापेक्षा नाजूक असावेत, हाही एक अंदाज.

तरीही एक गोष्ट खटकते. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. असल्या मर्यादा ठरल्या त्या ऐकण्याची पातळी कायमची किती घसरते, हे पाहून. तुटलेले जोड त्या हिशोबात धरलेलेच नाहीत. तेव्हा यंदा मिरवणुकीत जाणार असाल तर केमिस्टकडून फोमचे बोळे घ्या आणि भिंतीपासून लांब उभे राहा. तुटलेले जोड पुन्हा जुळवता येतात का, याचे प्रयोग पुढच्या आठवड्यात पाहू.