एका टेबलावर दोन पडदे

दिवाळीला आठवडा उरला होता. लाखनी तालुक्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी गेलो, तर हलक्या धानाची चुरणी नुकतीच आटोपलेली. अंगणात पोत्यांची थप्पी, कोंबड्यांची लगबग, आणि ओसरीतल्या टेबलापाशी कपाळाला हात लावून बसलेली भाचेसून. टेबलावर दोन मॉनिटर. एकावर शेताचे हिरवेगार चित्र, दुसरा अमावास्येच्या रात्रीसारखा काळा.

"मामाजी, एक पेटते, दुसरा पेटतच नाही जी," ती म्हणाली. "दोन दिवस झाले. नोंदणीचे वीस कागद येऊन पडले आहेत."

घरात दोन दोन पडदे कशाला, असे वाचकांना वाटेल. भाऊजींनाही तसेच वाटत होते, आणि ते त्यांनी मला पाणी पिऊ देण्याच्या आतच सांगून टाकले. पण सुनेचे कारण ऐकल्यावर मला ते पटले. लग्नानंतर तिने एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केला. गावातल्या बचत गटांचे हिशेब ती घरच्याच संगणकावर ठेवते आणि गावकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. हमीभावाने धान विकायचे तर आधी नोंदणी लागते, आणि नोंदणीला सातबारा, आधार, बँकेचे पासबुक. मागच्या हंगामात एकाच पडद्यावर काम चालायचे. पासबुकाचा फोटो उघडायचा, खात्याचा आकडा मनात धरायचा, फोटो बाजूला सारून अर्ज उघडायचा आणि आकडा लिहायचा. अशातच एका शेजाऱ्याच्या खाते क्रमांकातले दोन आकडे उलटसुलट पडले. धान गेले, पैसे अडकले. दुरुस्ती होईपर्यंत त्या माणसाला दोन महिने चकरा माराव्या लागल्या. त्याने हिला कधी शब्दानेही बोलून दाखवले नाही, आणि तेच हिला जास्त लागले.

म्हणून यंदा तिने आपल्या कमाईतून नागपूरहून एक जुना मॉनिटर आणवला. डावीकडे पासबुक, उजवीकडे अर्ज. डोळ्यांसमोर आकडा ठेवून आकडा लिहायचा. पण जोडला, तर तो पेटेना. फोनवर एका दुकानदाराला विचारले, तर त्याने न पाहताच सांगितले की सीपीयूतले कार्ड जळाले असणार, पाच हजार लागतील.

मी काही संगणकाचा मिस्त्री नव्हे. शाळेत असताना दोन संगणक माझ्या गळ्यात पडले होते, त्यांच्या खोड्या काढता काढता जे शिकलो तेवढेच. पण शेवटच्या बांधीत पाणी आले नाही म्हणून कोणी तलावच फुटला असे म्हणत नाही. आपण बांधीपासून पाटाच्या कडेकडेने वर चालत जातो. कुठे खेकड्याने भोक पाडले, कुठे कोणी पाणी वळवले, ते पाहत पाहत तलावाच्या तुडुमापर्यंत पोचतो. आम्हीही तसेच केले.

बांधीपासून तलावापर्यंत

सर्वांत शेवटची जागा म्हणजे मॉनिटर स्वतः. त्याच्या खालच्या कडेला बारीक दिवा असतो. तो मुळीच पेटत नसेल तर वीजच पोचलेली नाही: बोर्डाचे बटण, मागची जाड वायर, मॉनिटरचे स्वतःचे बटण पाहावे. दिवा पेटतो आणि पडद्यावर क्षणभर "नो सिग्नल" अशी अक्षरे येऊन जातात, तर ती चांगली बातमी समजावी. पडदा जिवंत आहे, त्याला चित्र मिळत नाही एवढेच. आमच्या मॉनिटरवर ही अक्षरे येत होती, आणि घरातले सगळे त्यांनाच बिघाड समजत होते.

मग खात्रीची परीक्षा. चालू मॉनिटरची वायर काढून या नव्याला लावली. लगेच हिरवे शेत त्यावर उमटले! म्हणजे नागपूरचा मॉनिटर ठणठणीत. ही अदलाबदल फुकट होते, पाच मिनिटांत होते, आणि कोणत्याही दुकानदाराला पैसे देण्याआधी ती करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. सुनेचा चेहरा तिथेच निम्मा उजळला.

काही मॉनिटरना मागे दोन-तीन तोंडे असतात, आणि वायर कोणत्या तोंडाला लावली ते त्याला बटण दाबून सांगावे लागते. वायर एका तोंडाला आणि पडदा दुसऱ्या तोंडाकडे डोळे लावून बसलेला, असे पुष्कळदा घडते. त्या बटणावर "इनपुट" किंवा "सोर्स" लिहिलेले असते. आमच्या मॉनिटरला एकच तोंड होते, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

आता वायर. इथेच खरी गोम होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

निळ्या तोंडाची, दोन बाजूंना पिळायचे स्क्रू असलेली वायर बहुतेकांनी पाहिली असेल. तिला व्हीजीए म्हणतात. 1987 साली आयबीएम कंपनीने ही पद्धत आणली. तिच्यात तीन ओळींत मिळून 15 टाचण्यांची जागा असते. एखादी टाचणी वाकली की पडदा पिवळा किंवा गुलाबी दिसू लागतो, कारण लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या टाचण्यांतून जातात. दुसरी वायर चपट्या तोंडाची, स्क्रू नसलेली. ती एचडीएमआय, घरच्या नव्या टीव्हीला असते तीच. तिसरी डिस्प्लेपोर्ट, दिसायला एचडीएमआयसारखीच, पण तिचा एकच कोपरा कापलेला असतो.

सुनेच्या सीपीयूला मागे एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय अशी दोन तोंडे. दोन्ही मॉनिटर मात्र जुने, व्हीजीएवालेच. म्हणजे दुसऱ्यासाठी एचडीएमआयचे व्हीजीए करणारी डबी मध्ये लावायला हवी. तशी डबी भाच्याने भंडाऱ्याहून आणलीही होती. मी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते "व्हीजीए टू एचडीएमआय". उलटी! भाच्याने मधे आणखी एक जोड लावून ती कशीबशी बसवली होती. बसली म्हणजे चालेल, असा त्याचा हिशेब.

व्हीजीएतून चित्र जाते ते विजेच्या दाबाच्या चढउतारातून. एचडीएमआयमधून जाते ते आकड्यांच्या रूपात. मधल्या डबीत एक बारीक चिप बसून एका भाषेचे दुसरीत भाषांतर करते, पण एकाच दिशेने. पाणी वर चढवायला लावलेला पंप उलटा बसवला तर तो पाणी खाली आणत नाही, तसेच हे. दुकानात ओळखायची खूण अशी: व्हीजीएवरून एचडीएमआयकडे नेणाऱ्या डबीला बहुधा विजेसाठी यूएसबीचे वेगळे शेपूट असते. एचडीएमआयवरून व्हीजीएकडे येणारीला पुष्कळदा ते नसते, कारण एचडीएमआयमध्येच थोडी वीज मिळते. पण खुणेवर विसंबू नये. "सीपीयूला एचडीएमआय आहे, मॉनिटरला व्हीजीए आहे," असे कागदावर लिहून न्यावे, आणि दोन्हीच्या पाठीचा मोबाइलने फोटो काढावा.

आणखी एक फसगत. एका वायरला दोन तोंडे फुटलेली, इंग्रजी वाय अक्षरासारखी वायर स्वस्तात मिळते. ती लावली की दोन्ही पडदे पेटतात, माणूस खूश होतो, पण दोन्हींवर तेच ते चित्र. लग्नमंडपात दोन टीव्ही लावायला ती ठीक. डावीकडे पासबुक आणि उजवीकडे अर्ज हे तिच्याने होत नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा भंडाऱ्याला जाऊन डबी बदलून घेऊन आला. दीडशे रुपये वरून द्यावे लागले. पाच हजार वाचले म्हटल्यावर भाऊजींनी ते स्वतःच्या खिशातून काढून दिले.

ज्यांच्या सीपीयूत वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते, त्यांनी एक पाहावे. तिथे पेटीच्या मागे चित्राची तोंडे दोन ठिकाणी असतात: वर मुख्य पाटीची, आणि खाली आडव्या पट्टीत कार्डाची. कार्ड बसवले की वरची तोंडे पुष्कळदा आपोआप बंद होतात. म्हणून दोन्ही मॉनिटर खालच्या पट्टीलाच जोडावे.

उंदीर कुठून धुरा ओलांडतो

नवी डबी लागली, पडदा पेटला, पण दोन्हीकडे तेच हिरवे शेत. याला बिघाड समजू नये. कीबोर्डवर खिडकीची खूण असलेली कळ असते, ती दाबून धरून पी दाबावे. चार पर्याय येतात: फक्त पहिला पडदा, दोन्हींवर तेच, दोन्ही मिळून एक, फक्त दुसरा. आपल्याला तिसरा हवा, त्याचे नाव "एक्स्टेंड". चुकून चौथा दाबला गेला की पहिला पडदा काळा होतो आणि घरात ओरड उठते. पुन्हा तीच कळ आणि पी दाबत गेले की परत येता येते.

एक्स्टेंड झाले. आता सून माऊस उजवीकडे नेई, तर बाण पहिल्या पडद्याच्या कडेला जाऊन अडे, आणि डावीकडे नेला की उजव्या मॉनिटरवर उगवे. "हे काहून असे उलटे चालते?" ती म्हणाली. बहीण पदराआडून हसत होती.

टेबलावर कोणता मॉनिटर कुठे ठेवला हे संगणकाला दिसत नाही. त्याच्या हिशेबी दोन पडदे म्हणजे शेजारच्या दोन बांध्या. कोणत्या धुऱ्याला त्या लागून आहेत हे आपण सांगायचे. रिकाम्या पडद्यावर माऊसचे उजवे बटण दाबून "डिस्प्ले सेटिंग्ज" उघडावे. तिथे 1 आणि 2 असे दोन चौकोन दिसतात. "आयडेंटिफाय" दाबले की त्या त्या पडद्यावर मोठा आकडा उमटतो. मग चौकोन माऊसने ओढून टेबलावर आहेत तसे मांडावे आणि "अप्लाय" दाबावे. वरच्या कडाही जुळवाव्या, नाहीतर बाण एका जागी पार होतो आणि दुसऱ्या जागी अडतो. चौकोन एकच दिसत असेल तर त्याच पानावर "डिटेक्ट" आहे, ते दाबून पाहावे. तरीही दुसरा येईना तर चित्राचा ड्रायव्हर नीट नाही अशी शंका घ्यावी. विंडोज नव्याने टाकल्यावर हे होऊ शकते, आणि तिथे मात्र जाणकार मुलगा बोलवावा.

एखादी खिडकी दुसऱ्या पडद्यावर राहून जाते आणि तो पडदा बंद असतो. मग कार्यक्रम चालू, पण दिसत नाही. खिडकीची कळ आणि शिफ्ट धरून बाणाची कळ दाबली की ती खिडकी उडी मारून या पडद्यावर येते. ही युक्ती सुनेला इतकी आवडली की तिने ती चार वेळा करून सासूला दाखवली.

हातात मुंग्या येतात तेव्हा

सगळे जमले असे वाटत असताना मी पेटीच्या मागे हात घातला आणि बोटांत झिणझिण्या आल्या. "ते नेहमीचेच आहे," भाचा म्हणाला. मला ते ऐकून धडकी भरली.

संगणकाच्या वीजपेटीत गाळणी असते. अर्थिंग नसेल तर त्या गाळणीतून थोडी वीज लोखंडी पेटीवर उतरते. तिचा दाब घरच्या विजेच्या निम्म्याच्या आसपास असू शकतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणसाला फक्त मुंग्या येतात. पण मॉनिटर एका बोर्डावर, सीपीयू दुसऱ्यावर, आणि मधली वायर चालू विजेत खुपसली, तर तोच दाब वायरीच्या नाजूक टाचण्यांतून धावू शकतो आणि तोंड जाळू शकतो. शिवाय अंगावर येणाऱ्या मुंग्या अर्थिंगमुळेच आहेत की आत काही उघडे पडले आहे, हे हाताने कळत नाही.

भाच्याने तीन टाचण्यांचा प्लग दोन टाचण्यांच्या जोडातून लावला होता. अर्थिंगची जाड टाचणी हवेतच. गावच्या वायरमनला बोलावले. त्याने घराचे जुने अर्थिंग उकरले, तर तार जमिनीत गंजून तुटलेली. त्याने नवी पट्टी टाकली, खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरले, पाणी ओतले. उन्हाळ्यात तिथे अधूनमधून बादलीभर पाणी टाकायला सांगितले. दोन्ही मॉनिटर आणि सीपीयू एकाच बोर्डावर आणले. मुंग्या गेल्या. मॉनिटरची वायर काढायची-लावायची ती बोर्डाचे बटण बंद करूनच, हे मी भाच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

भाऊजींसाठी एक गंमत सांगितली ती वाचकांनाही सांगतो. घरच्या टीव्हीला एचडीएमआयचे तोंड असेल तर तोच दुसरा पडदा होऊ शकतो. जुना मॉनिटर विकत घेण्याआधी चार दिवस टीव्ही जोडून पाहावा, काम सोपे होते की नाही ते कळते. टीव्हीवर कडेची अक्षरे कापली जातात, तेव्हा त्याच्या चित्राच्या मांडणीत पूर्ण चित्र दाखवणारा पर्याय निवडावा. भाऊजींनी एवढे ऐकले आणि रिमोट उचलून खिशात ठेवला.

संध्याकाळी सून कामाला बसली. डावीकडे पासबुक, उजवीकडे अर्ज. बँकेच्या अकरा अक्षरी कोडात पाचवी जागा नेहमी शून्याची असते, ओ अक्षराची नव्हे, हे मी तिला सांगायला गेलो, तर ते तिला माझ्याआधीपासून ठाऊक होते. पहिलाच कागद तिने त्या शेजाऱ्याचा घेतला. तो स्वतः बाजूला खुर्चीवर बसला होता. ती एकेक आकडा मोठ्याने वाचे, तो डाव्या पडद्याकडे बोट करून "हो जी" म्हणे.

मी निघताना बहीण दोन्ही मॉनिटरांवर जुने धुतलेले लुगडे पांघरत होती. धानाचा कोंडा बारीक असतो, पेटीच्या पंख्यात जाऊन बसतो. आणि पोती घरात आली की उंदीर येतातच. म्हणून भाच्याने वायरी जमिनीवरून उचलून भिंतीला खिळ्यांनी टांगल्या, आणि कोणती वायर कोणत्या तोंडाची ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून चिकटवले.