नेत्रशस्त्रक्रियेची मॉड्युलर हस्तोपकरणे

नेत्रशस्त्रक्रियेची मॉड्युलर हस्तोपकरणे म्हणजे मूठ, दांडी आणि टोक हे भाग स्वतंत्रपणे घडवून गरजेप्रमाणे एकमेकांना जोडता येतील अशी, शल्यविशारदाने हातात धरून वापरायची उपकरणे होत. एकाच मुठीवर कधी चिमट्याचे, तर कधी कात्रीचे टोक बसवता येते. टोक झिजले की तेवढेच बदलतात. मूठ मात्र अनेक वर्षे टिकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील फेको हँडपीस आणि दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेतील चिमटे ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. भाग सुटे असण्यात या उपकरणांची सोय आहे आणि जेथे ते भाग जुळतात त्या जोडातच त्यांचा मुख्य धोका आहे.

कार्यक्षेत्र

प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिमी लांब असतो. दृष्टिपटलाची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते आणि त्यावरून सोलून काढावा लागणारा पातळ पापुद्रा तर काही मायक्रॉनचाच असतो. निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप असतो. म्हणून उपकरण लेखणीप्रमाणे तीन बोटांत धरतात आणि मनगट किंवा करंगळी रुग्णाच्या कपाळावर टेकवतात. मूठ फार लांब असली तर ती सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला लागते. मागच्या बाजूने जड असली तर टोक वर उचलले जाते. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ८ पट, तर टायटॅनियमची साडेचार पट असते. त्यामुळे मुठीसाठी टायटॅनियमला पसंती मिळते. दिव्याचा प्रकाश परावर्तित होऊन डोळे दिपू नयेत यासाठी पृष्ठभाग मुद्दाम निस्तेज ठेवतात.

विकास

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मोतीबिंदू बाजूला सारण्याच्या शलाकेचे वर्णन आहे. ती आठ अंगुळे लांब, दोन्ही टोकांना कळीच्या आकाराची आणि मध्यभागी दोरा गुंडाळलेली असावी, असे तेथे सांगितले आहे. तिला मॉड्युलर म्हणणे ओढाताणीचे होईल. तथापि पकडण्याचा भाग आणि काम करणारा भाग यांचा वेगवेगळा विचार तीत झालेला दिसतो.

आधुनिक काळात ही कल्पना स्पष्ट झाली ती डोळ्यातील काचाभ द्रव्य काढण्याच्या शस्त्रक्रियेत. रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० मध्ये मियामी येथे श्वेतपटलाच्या मार्गाने ही शस्त्रक्रिया केली. त्यांच्या उपकरणात कापणे, शोषून घेणे आणि डोळ्यात द्रव भरणे ही तिन्ही कामे एकाच नळीत एकवटली होती. साहजिकच ती नळी सुमारे दीड मिमी जाड होती आणि छेदही मोठा घ्यावा लागे. पुढे त्याच दशकात कॉनर ओमॅली आणि राल्फ हाइंट्झ यांनी ही कामे वेगळी केली. एका छिद्रातून द्रव, दुसऱ्यातून प्रकाश आणि तिसऱ्यातून कापणारे उपकरण अशी त्यांची रचना होती. प्रत्येक उपकरण २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिमी जाडीचे होते. (गेजचा आकडा वाढतो तशी जाडी कमी होते.) छिद्रे एकाच मापाची असल्याने डाव्या हातातील दिवा आणि उजव्या हातातील कर्तक यांची अदलाबदल करता येऊ लागली. आजच्या सर्व मॉड्युलर संचांचा पाया या समान मापात आहे.

२००२ मध्ये २५ गेजचा (सुमारे ०.५ मिमी) आणि २००५ मध्ये क्लाउस एकार्ट यांचा २३ गेजचा संच पुढे आला. यांत श्वेतपटलात एक लहान नळी बसवून ठेवतात व उपकरणे तिच्यातून आत-बाहेर करतात. छेद इतका लहान असतो की बहुधा टाका घालावा लागत नाही. पण बारीकपणाची किंमत मोजावी लागली. भरीव दांडीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्यास निम्मा केला तर ताठपणा एक षोडशांश उरतो. सुरुवातीची २५ गेजची उपकरणे वाकत आणि त्यांच्या साहाय्याने डोळा हवा तसा फिरवता येत नसे. दांडी आखूड केल्यास ताठपणा वाढतो, परंतु तीव्र लघुदृष्टी असलेल्या लांबट डोळ्यात टोक दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाही. यावर उपाय म्हणून दांडीच्या मुळाशी जाड आवरण देण्यात आले.

मूठ आणि टोक यांचा जोड

दृष्टिपटलाच्या चिमट्याची मूठ दाबली की आतील यंत्रणेमुळे बारीक नळी पुढे सरकते आणि चिमट्याच्या दोन पात्यांना मिटवते. पाती स्वतः जागची हलत नाहीत. याउलट, नळी स्थिर ठेवून पातीच मागे ओढली तर पकडण्याच्या ऐन क्षणी टोक लक्ष्यापासून दूर जाते. जोडात किंचितही सैलपणा राहिला तरी हाच दोष निर्माण होतो. मूठ गोल ठेवून चहूबाजूंनी दाबता येईल अशी केली, तर उपकरण बोटांत फिरवले तरी पकड बदलत नाही.

फेको हँडपीसमध्ये जोडाला आणखी एक काम असते. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी ही पद्धत प्रचारात आणली. हँडपीसमधील स्फटिक सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावतात आणि ती ऊर्जा आट्यांनी बसवलेल्या पोकळ टायटॅनियम टोकाकडे जाते. टोक लहान पान्याने घट्ट आवळले नाही तर ऊर्जा नीट पोहोचत नाही. टोकाभोवतीच्या सिलिकॉनच्या बाहीतून वाहणारा द्रव टोक थंड ठेवतो. बाही चिमटली गेल्यास छेदाच्या कडा भाजू शकतात.

सर्वांत साधा जोड सिरिंज आणि कॅन्युला यांचा. ल्युअर पद्धतीच्या या निमुळत्या जोडाचा उतार ६ टक्के असतो. नुसती दाबून बसवलेली कॅन्युला दाट द्रव जोराने ढकलताना सुटून बाणासारखी डोळ्यात घुसल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. अशा इजेने दृष्टीही जाऊ शकते. आट्यांचा ल्युअर-लॉक वापरणे आणि डोळ्यात नेण्यापूर्वी बाहेर एकदा द्रव सोडून पाहणे, ही त्यावरील सोपी काळजी आहे. शल्यगृहातील घाईत ही पायरी गाळली जाऊ नये.

स्वच्छता आणि पुनर्वापर

प्रत्येक जोड म्हणजे एक फट, आणि फटीत द्रव सुकून बसतो. ऑटोक्लेव्हमधील १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसच्या वाफेने जंतू मरतात. मात्र नळीत राहिलेले साबणद्रव्य किंवा मृत जंतूंचे विषारी अवशेष त्याने निघत नाहीत. असे अवशेष डोळ्यात गेल्यास बहुधा १२ ते ४८ तासांत जंतुसंसर्गाविनाच तीव्र दाह होतो आणि पारपटलाला कायमची हानी पोहोचू शकते. म्हणून चांगल्या रचनेत नळी सरळ असते, आंधळे कोपरे टाळलेले असतात, तसेच शुद्ध पाण्याचा झोत आरपार सोडण्याची सोय असते. भाग चुकीच्या बाजूने बसूच शकणार नाहीत अशी खाच ठेवणेही तितकेच महत्त्वाचे. कारण उपकरण पुन्हा जुळवते ती परिचारिका, रचनाकार नव्हे.

मूठ टिकाऊ आणि टोक एकदाच वापरायचे, ही तडजोड दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत रूढ आहे. तथापि टोकांचा आवर्ती खर्च भारतातील धर्मादाय रुग्णालयांना जड जातो. तेथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पुन्हा वापरता येणाऱ्या धातूच्या उपकरणांवर भर असतो. ल्युअर जोड जगभर एकाच मापाचा आहे. फेकोच्या टोकांचे आटे आणि चिमट्यांचे जोड मात्र उत्पादकागणिक वेगळे असू शकतात. त्यामुळे मूठ एकदा विकत घेतली की तिला बसणारी टोकेही बहुधा त्याच उत्पादकाकडून घ्यावी लागतात.