डिझेल वाहनांतील संवेदकांचा अधूनमधून उद्भवणारा दोष व त्याचे निदान : विशेष संदर्भ शहापूर व मुरबाड तालुके

प्रस्तावना :

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. शहापूरकडून कसारा घाट, तर मुरबाडकडून माळशेज घाट चढावा लागतो. भाजीपाला, दूध, रुग्ण व प्रवासी यांची येथील ने-आण मोठ्या प्रमाणावर डिझेल वाहनांवर अवलंबून आहे. असे वाहन चढावर अचानक बंद पडते, काही वेळाने आपोआप सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेल्यावर दोष सापडत नाही. प्रस्तुत लेखात या दोषाची कारणमीमांसा केली आहे.

विषय विवेचन :

१९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या मोटारीपासून कॉमन रेल प्रणाली प्रवासी वाहनांत आली आणि इंधन किती व केव्हा फवारावे हे संगणकीय नियंत्रक ठरवू लागला. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ निकष लागू झाल्यावर संवेदकांची संख्या आणखी वाढली.

यांपैकी क्रँकशाफ्टचा संवेदक सर्वांत त्रासदायक ठरतो. चुंबकीय प्रकारच्या संवेदकात बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार आतून तुटलेली असल्यास उष्णतेने टोके दूर जातात, संकेत थांबतो व इंजिन बंद पडते. थंड झाल्यावर टोके पुन्हा जुळतात. त्यामुळे गॅरेजमध्ये थंड संवेदकाचा रोध मोजला असता तो योग्यच दिसतो. मोजणी संवेदक तापलेला असतानाच करावयास हवी. त्यासाठी केस वाळवण्याचे यंत्रही पुरेसे होते.

दोष केवळ पावसातच जाणवत असेल तर संशय कनेक्टरवर घ्यावा. पाणी शिरून पिनांवर हिरवट थर चढतो. अशा वेळी चालकास विचारलेला ‘नेमके केव्हा बंद पडते?’ हा साधा प्रश्न महागड्या उपकरणाइतकाच उपयोगी पडतो.

एकाच वेळी अनेक संवेदकांचे दोष-संकेतांक नोंदले गेले असतील, तर ते सर्व एकदम निकामी झाले असे मानणे तर्काला धरून नाही. अनेक संवेदकांना ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक असतो. एकाची तार घासून बॉडीला टेकली की इतरांचेही मापन बिघडते. म्हणून संवेदक एकेक करून काढावेत व पुरवठा केव्हा पूर्ववत होतो ते पाहावे.

अर्थिंगची तपासणी इंजिन चालू असतानाच करावी. बॅटरीचे ऋण टोक व संवेदकाचे अर्थिंग यांमधील फरक ०.१ व्होल्टपेक्षा अधिक आढळल्यास जोड साफ करावा. त्यानंतर स्कॅनरवर संवेदकाचे वाचन पाहत वायरिंग हळूहळू हलवावे. ज्या ठिकाणी आकडा उडी घेतो, तेथेच लूज कॉन्टॅक्ट असतो.

प्रत्यक्षात मात्र बॅटरीची केबल काढून दिवा विझवला जातो किंवा अंदाजाने नवा संवेदक बसवला जातो. पहिल्या उपायाने अनेक वाहनांतील नोंदी पुसल्या जातात, तर दुसऱ्याने वाहनमालकाचा खर्च वाढतो. माळ मंडईत वेळेवर न पोहोचल्यास होणारे नुकसान त्याहून वेगळे. संकेतांक मंडल दाखवतो, निकामी भाग नव्हे, हे येथे ध्यानात घेतले जात नाही.

दुरुस्तीनंतर वाहन सपाट रस्त्यावर फिरवून सोपवणे अपुरे आहे. ज्या स्थितीत दोष उद्भवला होता, म्हणजे भरल्या मालासह, इंजिन पूर्ण तापलेले असताना व चढावर, तेथेच त्याची चाचणी घ्यावी.