यंत्रे तपासली, माणसांचे काय?

गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्यात सगळीकडे यंत्रांचीच चर्चा चालते. बॉयलरच्या नळ्या बदलल्या का, मिलचे रोलर बसले का, काट्यावरचा संगणक नीट चालतो का! हे सारे पाहायलाच हवे. पण ही यंत्रे ज्यांच्या हाती आहेत त्या माणसांच्या मनात काय चालले आहे, हे कुणी पाहिले का? असे आम्ही विचारले तर काही सभासद म्हणतील, "अहो, मनं बघत बसलो तर ऊस कधी गाळायचा?" त्यांच्यासाठीच एक खरी हकीकत सांगतो.

10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोटा येथून 'एसएलव्ही-3' हे 17 टनांचे रॉकेट आकाशात झेपावले. उपग्रह वाहून नेण्यासाठी आपल्या देशात तयार झालेले हे पहिलेच रॉकेट. पहिला टप्पा छान चालला, दुसऱ्या टप्प्यात तोल गेला आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. पुढे तपासात काय निघाले? एका झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिली आणि नियंत्रणासाठी लागणारे आम्ल गळून गेले. एवढीशी झडप काय करू शकते, हे आमच्या फिटर मंडळींना वेगळे सांगायला नको.

या प्रकल्पाचे प्रमुख होते अब्दुल कलाम. उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याचा इशारा दिला होता, तरी पुढे जाण्याचा निर्णय आपणच घेतला, असे त्यांनीच नंतर व्याख्यानांतून सांगितले. म्हणजे दोष द्यायला माणूस समोरच उभा होता. पण इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी त्यांना पुढे केले नाही. पत्रकारांसमोर ते स्वतः गेले, अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास दाखवला.

दुसरी गोष्ट त्याहून लहान, पण आम्हाला ती फार मोलाची वाटते. आठवडाभराच्या जागरणाने थकलेले कलाम त्या दिवशी गाढ झोपी गेले. त्यांचे वरिष्ठ डॉ. ब्रह्मप्रकाश दोनदा खोलीपर्यंत आले आणि झोपमोड न करता परत फिरले. दुपार कलल्यावर त्यांनी कलामांना हळूच उठवले आणि जेवायला नेले. तोवर ते स्वतःही जेवायचे थांबले होते. जेवताना इकडचे तिकडचे बोलले, रॉकेटचा विषय मात्र काढला नाही. कलामांनी आत्मचरित्रात हे सारे लिहून ठेवले आहे.

म्हणून काय चुकीवर पांघरूण घातले? मुळीच नाही. तपासणी कसून झाली, दोष सापडला, दुरुस्त झाला. 18 जुलै 1980 रोजी त्याच कलामांच्या नेतृत्वाखाली रॉकेटने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. त्या दिवशी धवन मागे राहिले आणि पत्रकारांसमोर त्यांनी कलामांना पाठवले.

दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे म्हणजे निव्वळ भलेपणा, अशी समजूत असते. पण त्यात रोकडा हिशेबही आहे. अमेरिकेत ॲमी एडमंडसन या अभ्यासक बाईंनी रुग्णालयांतील औषधे देण्याच्या चुका तपासल्या. 1996 साली तो अभ्यास छापून आला. चांगल्या प्रमुखाच्या हाताखाली चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. निघाले उलटेच! तिथे चुकांची नोंद जास्त होती. कारण तिथल्या परिचारिका चूक उघडपणे सांगत होत्या. इतर ठिकाणी भीतीने ती दडपली जात होती.

आता आपल्याकडे या. रात्रपाळीत एखाद्या शिकाऊ मुलाला मिलच्या बेअरिंगचा आवाज वेगळा वाटला. सांगायला गेला तर उत्तर मिळाले, "तुला काय कळतंय?" तो मुलगा पुन्हा कधी तोंड उघडेल का? पहाटे बेअरिंग जळते, मिल थांबते, गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा घसरतो. एफआरपीचा दर उताऱ्यावर ठरतो, तेव्हा त्या एका तुसड्या वाक्याची किंमत सभासदाच्या बिलातून वसूल होते! संगणक विभागाचेही तेच. बिलाच्या हिशेबात आपल्या हातून आकडा चुकला, हे मुलाने त्याच दिवशी सांगितले तर दुरुस्ती सोपी. धाकाने दाबून ठेवले तर पंधरवड्याची सगळी बिले चुकीची निघतात.

म्हणून आमच्या खातेप्रमुखांना विनंती आहे. बिघाड झाला की आधी "काय झालं?" विचारा, "कुणी केलं?" नंतर पाहू. पाळी बदलताना हाताखालच्या माणसाचे दोन शब्द ऐकून घ्या. घरी आजारपण असेल, झोप झाली नसेल, तर ते माहीत असू द्या. अशा माणसाला त्या रात्री अवघड जागी उभे करू नका. मुद्दाम केलेल्या कामचुकारपणाला मात्र माफी नको. तिथे दया दाखवणे म्हणजे इमानाने राबणाऱ्यावर अन्याय.

आणि सभासदांनो, थोडे तुम्हालाही. काट्यावरचा संगणक अडला की आत बसलेल्या पोरावर ओरडू नका. यंत्र तुमच्या आरडाओरड्याने चालत नाही, पण पोर मात्र घाबरून आणखी चुका करते. त्याला पाच मिनिटे निवांत काम करू द्या. रांग लवकर हलेल.