चूल हलवली, विस्तव तोच

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, हामरफेस्ट शहरासमोर मेल्कोया नावाचं लहानसं बेट आहे. बॅरेंट्स समुद्रातल्या स्नोव्हिट क्षेत्राचा वायू १४३ किलोमीटर लांबीच्या नळातून इथे येतो, उणे १६२ अंशांपर्यंत गार होऊन द्रव बनतो आणि जहाजांत भरला जातो. एवढं गार करायचं तर प्रचंड ताकदीचे कॉम्प्रेसर लागतात. बहुतेक ठिकाणी ते थेट टर्बाइनवर चालतात. मेल्कोयात ते विजेच्या मोटरवर चालतात आणि त्यातली सर्वांत मोठी मोटर एकटी ६५ मेगावॅटची आहे. त्यासाठी बेटावरच सुमारे २१५ मेगावॅटचं वीजकेंद्र उभं केलं आहे. त्यातली ५ टर्बाइन्स जम्बो विमानाच्या इंजिनाच्या घराण्यातली आहेत आणि इंधन म्हणून ती विक्रीला आलेलाच वायू जाळतात. वर्षाला साधारण साडेआठ लाख टन कार्बन डायऑक्साइड या प्रकल्पातून हवेत जातो. म्हणजे नॉर्वेच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे २ टक्के. भारतात वापरल्या जाणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा असाच द्रवरूपात जहाजांनी येतो. त्याला ‘स्वच्छ’ म्हणताना आपण हिशोब आपल्या शेगडीपासून मांडतो, पण जाळणं त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

सगळा प्रकल्प या वीजकेंद्रावर किती अवलंबून आहे, हे २०२० च्या सप्टेंबरात कळलं. ध्रुवीय थंडीत टर्बाइनच्या हवा-फिल्टरवर बर्फ धरू नये म्हणून आत येणारी हवा तापवली जाते. एका टर्बाइनचे फिल्टर असेच प्रमाणाबाहेर तापत राहिले आणि आपोआप पेटले. त्यानंतर वायूचं द्रवीकरण दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये नॉर्वे सरकारने ही टर्बाइन्स २०३० पर्यंत बंद करून बेटाला ग्रिडची वीज द्यायला मंजुरी दिली. नॉर्वेची वीज मुख्यतः जलविद्युत, त्यामुळे देशाच्या खात्यावरचं उत्सर्जन खरोखरच घटेल, हे मान्य करायलाच हवं. पण आज टर्बाइन्समध्ये जळणारा वायू जमिनीत राहणार नाही. तो विकला जाईल आणि दुसऱ्या देशात जळेल. शिवाय याच योजनेत विहिरींचा घटता दाब भरून काढणारा कॉम्प्रेसरही आहे, म्हणजे उत्पादन २०३० नंतरही चालू ठेवायची तजवीज. वाचलेला वायू कुठेतरी कोळशाची जागा घेईल, असा प्रतिवाद होतो. कुठे घेईलही, पण तशी कोणतीही अट या मंजुरीत नाही, आणि जिथे तो सौर किंवा पवन ऊर्जेची जागा अडवेल तिथे हा युक्तिवाद उलटा पडतो.

या निर्णयाची खरी झळ फिनमार्कच्या, म्हणजे बेट ज्या भागात आहे तिथल्या, मूळनिवासी सामी लोकांना बसते. बेटासाठी स्काइडीहून ४२० किलोव्होल्टची वाहिनी येते आहे आणि बेट जेवढी वीज खाईल निदान तेवढीच नवी वीज फिनमार्कमध्ये निर्माण करायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. त्यात पवनचक्क्या आल्या, आणि पवनचक्क्या उभ्या राहणार त्या सामींच्या रेनडिअरच्या चराईच्या कुरणांवर. नॉर्वेतल्याच फोसेन भागातल्या पवनप्रकल्पांचे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांवर गदा आणतात, असा निकाल नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच दिला आहे. तो ताजा असताना याच समाजाच्या माथी नवा बोजा मारणं मला अन्यायाचं वाटतं.

उत्सर्जन घटवण्याचा दुसरा मार्ग बेटावरच आहे. विहिरीतून वायूबरोबर येणारा कार्बन डायऑक्साइड तिथे २००८ पासून वेगळा काढून समुद्रतळाखाली गाडला जातो. टर्बाइनच्या धुरातून तो पकडणं अधिक अवघड आहे, कारण त्या धुरात त्याचं प्रमाण फारच कमी असतं. प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने हा पर्याय तपासला आणि महाग म्हणून बाजूला ठेवला. पण महाग कोणाला? वाहिनीची आणि पवनचक्क्यांची किंमत सामींच्या कुरणांतून वसूल होणार. धूर पकडण्याचा खर्च मात्र वायूच्या दरात चढला असता आणि तो वायू विकत घेणाऱ्याने सोसला असता. तो खर्च तिथेच पडायला हवा होता.