गस्तीची वाट आणि लिस्टमधला क्रम

एकामागून एक आलेल्या नोंदी त्यांच्या क्रमासह सांभाळणारा संग्रह म्हणजे लिस्ट. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये अशी प्रत्येक नोंद हा एक ऑब्जेक्ट असतो. त्यात माहिती असते, तशीच त्या माहितीवर करायची कामेही असतात. अनेक ऑब्जेक्ट एकत्र ठेवायचे आणि त्यांचा क्रमही मोडू द्यायचा नाही, अशा वेळी लिस्ट वापरतात.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात वनरक्षक आपापल्या बीटमध्ये पायी गस्त घालतात. गस्तीची वाट जीपीएसने टिपण्यासाठी राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१० साली ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली आणली. अशी गस्त प्रोग्रॅममध्ये मांडायची, तर अक्षांश, रेखांश आणि वेळ मिळून ‘बिंदू’ नावाचा एक ऑब्जेक्ट होतो. या बिंदूंची लिस्ट म्हणजेच गस्तीची वाट. तेच बिंदू मागेपुढे झाले, तर नकाशावर रेघोट्यांचा गुंता उमटतो आणि चाललेले अंतरही चुकते. वनरक्षक एकाच पाणवठ्यावर दोनदा गेला, तर ती जागा वाटेत दोनदा यायला हवी. लिस्टमध्ये हे चालते. ‘सेट’ या संग्रहात मात्र तीच नोंद दुसऱ्यांदा घेतली जात नाही.

जावा भाषेत १९९८ साली, १.२ या आवृत्तीत, ‘कलेक्शन्स फ्रेमवर्क’ आले. त्यातली लिस्ट हा इंटरफेस आहे. कोणती कामे करता यायला हवीत एवढेच तो सांगतो. ती कशी करायची, हे त्यामागचा क्लास ठरवतो. ‘अ‍ॅरेलिस्ट’ नोंदी सलग जागांत ठेवते. तिच्यात शंभरावी नोंद थेट हाती लागते, पण मध्येच नवी घालायची तर पुढच्या सगळ्या सरकवाव्या लागतात. ‘लिंक्डलिस्ट’मध्ये प्रत्येक नोंदीला फक्त मागच्या-पुढच्या नोंदीचा पत्ता ठाऊक असतो. तिथे दोन्ही टोकांना भर घालणे सोपे, पण शंभरावी नोंद गाठायला एकेक ओलांडत जावे लागते. गस्तीचे बिंदू शेवटीच वाढत जातात आणि पुढे ओळीने वाचले जातात. त्यासाठी अ‍ॅरेलिस्ट सोयीची.

लिस्टचा क्रम हा नोंदी घातल्याचा क्रम असतो. वेगवेगळ्या कॅमेरा ट्रॅपची मेमरी कार्डे एकापाठोपाठ संगणकात रिकामी केली, की फोटो कार्डांच्या क्रमाने बसतात. वाघ आधी कुठे आणि नंतर कुठे दिसला, हे पाहायचे तर लिस्ट वेळेनुसार ‘सॉर्ट’ करावी लागते.

वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. जावात मोजणी शून्यापासून होते. दहा बिंदूंच्या लिस्टमध्ये शेवटचा बिंदू नवव्या क्रमांकावर असतो, आणि दहाव्या क्रमांकावरचा मागितला तर प्रोग्रॅम चूक दाखवतो. दुसरी गोष्ट नोंदी काढण्याची. जीपीएसने चुकीचे टिपलेले बिंदू क्रमांकाने पुढे जात काढत गेल्यास, काढलेल्याच्या जागी पुढचा बिंदू सरकतो आणि तपासणीतून निसटतो. म्हणून असे बिंदू शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत काढतात, किंवा ते काम ‘रिमूव्हइफ’ या तयार मेथडकडे सोपवतात.