पुरावा कोणी द्यायचा?

पानठेल्यावर, वेकोलिच्या शिफ्टच्या बसमध्ये किंवा लग्नाच्या मांडवात देवाचा विषय निघाला की वाद नेहमी एकाच ठिकाणी येऊन अडतो. आपला माणूस विचारतो, "देव आहे हे कशावरून?" समोरचा म्हणतो, "मग नाही हे तू सिद्ध करून दाखव." आणि आपला चांगला शिकलेला तरुणही तिथे गप्प बसतो. आपण हरलो असे त्याला वाटते. वास्तविक तो हरलेला नसतो. समोरच्याने आपले ओझे त्याच्या डोक्यावर ठेवलेले असते, इतकेच.

समजा, कोणी म्हणाला की ताडोबात सिंह आहे. व्याघ्र प्रकल्पाचा पसारा सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर. "नाही" म्हणणाऱ्याने त्यातले झुडूपन् झुडूप हुडकायचे, की "आहे" म्हणणाऱ्याने एक ठसा दाखवायचा? तिथे वाघ मोजायला कॅमेरे लावतात. इतक्या कॅमेऱ्यांत सिंह कधीच आला नाही, तर "नाही" म्हणायलाही आधार मिळतो, हे खरे. पण पहिली पाळी "आहे" म्हणणाऱ्याची. आणि तो जर म्हणू लागला की हा सिंह दिसत नाही, त्याचा ठसाही उमटत नाही, तर असलेला सिंह आणि नसलेला सिंह यांत फरक तो काय उरला?

कारकुनी करणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. व्हाउचरशिवाय खर्च दाखवला की लेखापरीक्षक आक्षेप घेतो. खर्च झालाच नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची नसते. पुराव्याअभावी अर्ज परत गेला म्हणजे अर्जदार खोटारडा ठरला असेही नाही. त्याचे म्हणणे अजून मान्य झाले नाही, एवढाच त्याचा अर्थ. जात पडताळणीचे तर आपल्या घराघरांतल्या आईबापांना पाठ आहे. २००० च्या कायद्याने पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच टाकली आहे. अनुसूचित जातीच्या मुलाने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद आणायचा. आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबले, शाळेची पायरी चढले नाहीत, कागद येणार कुठून? तरी आपण दाखल-खारीज रजिस्टरच्या नकलेसाठी हेलपाटे घालतो. आणि विश्व कोणी निर्माण केले हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला मात्र कोणी साधी झेरॉक्सही मागत नाही!

तथागतांनी ती मागितली होती. कोसल देशात मनसाकट गावी वासेठ्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण आपापल्या गुरूचा मार्गच ब्रह्माकडे नेतो म्हणून भांडत होते. 'तेविज्ज सुत्ता'त हा प्रसंग आहे, आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही तो घेतला आहे. बुद्धांनी ब्रह्मा नाही हे सिद्ध करण्याचा खटाटोप केला नाही. त्यांनी एवढेच विचारले की ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिलेला कोणी आहे काय? तुमच्या गुरूंनी पाहिले? त्यांच्या गुरूंनी? मागच्या सात पिढ्यांत कोणी? प्रत्येक वेळी उत्तर आले, नाही. मग ही आंधळ्यांची रांग झाली. पुढचा पाहत नाही, मधला पाहत नाही, मागचाही पाहत नाही. माझ्या मते या वादात त्यापुढे फारशी भर कोणी घातलेली नाही.

पण हा वाद पानठेल्यापुरताच राहिला असता तर मी तो इथे मांडलाही नसता. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्या माणसांना भर चौकात खांबाला बांधून मारले. १ मे २०२४ रोजी गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडा येथे एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळले. दोघांचाही जीव गेला. भानामती आहे हे मारणाऱ्यांना कोणी सिद्ध करायला लावले? उलट मी करणी केली नाही हे त्या म्हातारीने सिद्ध करायचे. ती ते कसे करणार? पोर आजारी पडले, बैल मेला, की तोच पुरावा. "नाही हे सिद्ध कर" हे वाक्य पानठेल्यावर शब्दांचा डाव असते. वणी खुर्दच्या चौकात तोच दोर होतो. आणि त्यात बांधला जातो तो बहुधा गरीब, एकटा किंवा आपल्या जातीचा.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणीचा, जादूटोण्याचा आळ घेणे, त्यावरून त्याला बांधणे, मारणे हा या कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. निरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी दक्षता अधिकारी म्हणून नेमण्याची तरतूदही त्यात आहे. जिवती, कोरपना, एटापल्लीकडे आपले नातेवाईक असतील तर त्यांना हे सांगून ठेवा. गावात कुजबुज सुरू झाली की लगेच ठाण्यात लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.